आमची वाटचाल : आधी मुळी बघा, मग रोप घ्या

नर्सरी वडिलांची, डाळिंब-पेरूची. अवोकॅडोत मी उतरलो तेव्हा घरचेच म्हणाले, हे खातं कोण. असो, ती वर्षं सोडून देतो.

सांगायचंय ते त्या पावसाळ्याचं. झड लागली ती उघडेचना, हास या अवोकॅडोच्या जातीची निम्मी कलमं पिवळी पडली, पिशवी फाडली की मुळं काळी, हात लावला की तुटायची. फायटोफ्थोरा, म्हणजे मुळं कुजवणारा बुरशीसारखा रोग. अवोकॅडोला केसमुळं जवळपास नसतातच, वरच्या थरातली पांढरी मुळी गेली की ओल्या मातीतसुद्धा झाड तहानेनं वाळतं. त्यात आमच्याच लाईनमधल्या एकानं गावोगाव उठवलं की यांच्याकडे रोग आहे, घेऊ नका. स्वतः मात्र कलम न केलेली, बियांची रोपं 'इस्रायली हास' म्हणून टॅग लावून विकत होता, कलमाची गाठ कुठंय विचारलं की विषय बदलायचा! बुकिंगं कॅन्सल झाली, बँकेचे हप्ते थकले, नर्सरी विकायची बोलणी झाली.

टिकले फक्त इंदापूरकडचे तात्या. ॲडव्हान्स परत मागितला नाही, एवढंच म्हणाले, "पानं नको दाखवूस, मुळी दाखव." आजही आम्ही पिशवी उलटी करून मुळी दाखवूनच रोप देतो.

मग बेड उंच केले, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुवून घेतलं, बोअरच्या पाण्यात ईसी मीटरवर क्षार जास्त दिसले (अवोकॅडोला क्षार चालतच नाहीत, पानांची टोकं जळतात) म्हणून पावसाचं पाणी साठवलं. त्यानंतरच ह्युमिक आणि सीवीड (समुद्री शेवाळाचा अर्क) या बायोस्टिम्युलंटचं, म्हणजे वाढीला हातभार लावणाऱ्या द्रावणांचं, ड्रेंचिंग (मुळाशी ओतणं), थोडं थोडं, नवीन मुळी फुटायला लागल्यावर. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वेगळी, आणि ती दिली की लगेच वरून कॉपरचं बुरशीनाशक ओतू नका, ती मरते, पैसे पाण्यात जातात.

आता न विचारता सांगतो. बायोस्टिम्युलंट म्हणजे रोगावरचं औषध नाही. निचरा नसेल तर बाटली कितीही महाग घ्या, मूळ कुजणारच. 2021 ला ही उत्पादनं खत नियंत्रण आदेशात आली, तोवर कोणीही काहीही बाटलीत भरत होतं, त्यामुळे लेबल नीट वाचा, दुकानदार 'मुळांचा टॉनिक' म्हणाला की आत काय आहे ते विचारा, पक्कं बिल घ्या. आणि लावताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फोडू नका हो, पिशवी ब्लेडनं कापा, ओढू नका.

तात्यांनी यंदा परत बुकिंग केलंय. त्या टॅगवाल्याकडे सध्या ड्रॅगन फ्रूट आहे म्हणे.