वाघ 37, सिंह 26

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, धानाच्या पट्ट्यात. दिवाळी ते होळी झाडीपट्टी नाटकांचा मौसम असतो. वडशाहून मंडळ्या निघतात आणि रात्री जागतात. उरलेल्या महिन्यांत रात्री आठनंतर मोबाईल सोडून करायला काही नाही. त्या रिकाम्या रात्रींत आम्ही पाच जण दीड वर्षापासून डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा खेळ 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. "समोर पूर आलेली नदी आहे, काय करता?" असं डीएमनं विचारायचं, त्यांनी आपापलं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी हे नागपूरला होस्टेलात शिकलो. माझे मोठे बाबा तरुणपणी नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. त्यांनी पहिल्या रात्री दारात उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "हे त नाटकच आहे, फक्त कोनाले पाठ नाही."

लॅपटॉप यात आला तो नाइलाजानं. तालुक्याच्या गावात वीस बाजूंचा फासा मागितला तर दुकानदार लुडोचा डबा काढून देतो. नियमांचं पुस्तकही महाग. पण पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले झाले. चारशेच्या वर पानांची पीडीएफ आहे, फुकट. तेवढ्या पानांची झेरॉक्स काढण्यापेक्षा माझा जुना लॅपटॉप बरा, असं वाटलं. 4 जीबी रॅम, बॅटरी दीड तास. ब्राउझरमध्ये चालणारे तयार नकाशे-फाशांचे टेबल मी आधी करून पाहिले. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नकाशा उघडेपर्यंत आमच्यातल्या मास्तरांचा दुसरा चहा व्हायचा. ते सोडलं आणि सगळं ऑफलाइन करायचं ठरवलं.

फाशांसाठी लिबरऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या प्रोग्रॅममध्ये एक शीट केलं. रँडबिटवीन नावाचं फंक्शन आहे, त्याला 1 आणि 20 दिले की मधला कोणताही आकडा देतं. चार खेळाडू, चार सेल, खाली शत्रूंचे एचपी. एचपी म्हणजे अंगात किती मार झेलायची ताकद उरली तो आकडा. मला वाटलं, मी मोठा शहाणा.

दुसऱ्याच लढाईत कृषी केंद्रवाल्या मित्राला 20 पडले. वीस म्हणजे थेट दुप्पट फाशांचा मार. तो उठून नाचला. मी शत्रूचे एचपी कमी करायला खालच्या सेलमध्ये आकडा टाकून एंटर दाबलं, आणि वर त्याच्या विसाचे तीन झाले.

"काय करून राहिला बे तू?"

मी काही करत नव्हतो. ते फंक्शन तसंच आहे. शीटमध्ये कुठंही काही लिहिलं की ते पुन्हा नवा आकडा काढतं. पण हे त्या वेळी मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कोणी ऐकलं नसतं. त्याचं म्हणणं, मागच्या दोन तासांत पडलेला प्रत्येक आकडा मी असाच फिरवला असणार. ती रात्र तिथंच मोडली. नंतर मदतीची पानं चाळताना कळलं की लिबरऑफिसच्या 7.0 पासून याच फंक्शनचा एक भाऊ आहे, शेवटी डॉट एनव्ही लावलेला. तो सेलवर जाऊन एफ9 दाबल्याशिवाय आकडा बदलत नाही. मी बदल केला, सगळ्यांना दाखवला. दुरुस्ती बरोबर होती, पण विश्वास बसला नाही तो नाहीच. शेवटी वर्गणी काढून ऑनलाइन सात फाशांचे दोन संच मागवले. आता फासा हातानंच टाकतात. सतरंजीबाहेर गेला तर परत टाकायचा, हा आमच्या घरचा नियम.

मग नकाशाचं वेड लागलं. आमची गोष्ट जुन्या गोंड राजांच्या चांद्यात घडते. चंद्रपूरचा परकोट या खेळासाठीच बांधला की काय असं वाटतं. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर खिडकी. ज्या भिंतीला मुळातच चोर खिडकी आहे तिथं डीएमनं आणखी काय रचायचं? मी गिम्प या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये नकाशा काढला, त्यावर काळा लेयर, म्हणजे थर, टाकला. खेळाडू पुढं सरकतील तसा इरेझरनं काळा लेयर पुसायचा आणि तेवढाच भाग दिसू द्यायचा.

मास्तरांच्या घरी 32 इंची टीव्ही. केबल जोडली. माझ्या दुसऱ्या फाईलमध्ये माझ्यापुरत्या खुणा होत्या, ती मी लॅपटॉपवर उघडली. टीव्हीवर एका वेळी तेच दिसतं जे लॅपटॉपवर दिसतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझी चुलत बहीण मोठ्यानं वाचायला लागली, "चोर खिडकी. पहारेकरी तीन. दादा, तिसरा फितूर आहे का?"

तीन आठवडे जपलेला फितूर असा गेला.

विंडोजचं बटण आणि पी दाबलं की चार पर्याय येतात. त्यातला डुप्लिकेट नको, एक्सटेंड हवा. मग टीव्ही हा वेगळा पडदा होतो आणि त्यावर फक्त ओढून नेलेली खिडकी दिसते. गिम्पमध्ये व्ह्यू मेन्यूत न्यू व्ह्यू आहे. एकाच चित्राच्या दोन खिडक्या होतात, एक टीव्हीवर, एक माझ्याकडं. पण काळा लेयर दोन्हीकडं सारखाच असतो, त्यामुळं आतलं मलाही दिसत नाही. म्हणून खुणांचा नकाशा मी आता कागदावर, पेन्सिलीनं काढतो. फितुराचं म्हणाल तर मी त्याच रात्री तिसऱ्याला इमानदार केलं आणि पहिल्याला फितूर. हे त्यांना आजवर सांगितलेलं नाही. इथं वाचतील.

मोठे बाबा मधूनमधून येऊन बसतात. एकदा खेळ झाल्यावर मला म्हणाले, "प्रॉम्प्टर नटाले आयकू आला पायजे, पब्लिकले दिसला नाई पायजे. तुह्या तोंडावर त सारा उजेड पडून राहते." खरं होतं. मी मान वर करत नव्हतो. कोणी काही विचारलं की आधी पीडीएफमध्ये शोध. पकडापकडीच्या एका नियमासाठी मी पाच मिनिटं पानं शोधत होतो आणि तोवर दोघं बाहेर खर्रा खाऊन आले. मग लॅपटॉप मांडीसमोरून काढून बाजूच्या स्टुलावर ठेवला, उजेड कमी केला. नियम अर्ध्या मिनिटात सापडला नाही तर मी सांगेन तो नियम, खरा नंतर पाहू. पावसाळ्यात उजेड कमी केल्याचा आणखी एक फायदा म्हणजे किडे येत नाहीत. पहिल्या पावसानंतरच्या एका रात्री माझा अख्खा कीबोर्ड पंखांनी भरला होता.

आता लॅपटॉपकडं तीन कामं आहेत. लढाईत कोणाची पाळी कधी, ती यादी मोठ्या आकड्यापासून उतरत्या क्रमानं लावणं. कोणाचे एचपी किती उरले ते धरणं. आणि नावं. खेळाडू प्रत्येक भाजीवाल्याला, नावाड्याला नाव विचारतात आणि पुढच्या शनिवारी ते लक्षातही ठेवतात. म्हणून पन्नास नावांची यादी तयार आहे, वापरलं की पुढं गाव लिहायचं. लाईन केव्हाही जाते, म्हणून फाईल आपोआप सेव्ह व्हायची वेळ 2 मिनिटांवर आणली आहे.

जनावरांचे आकडे त्या पीडीएफमधूनच घेतो. गॉब्लिन नावाच्या बुटक्या राक्षसाला 7 एचपी, वाघाला 37. आमच्यातला एक जण गावच्या पीआरटीत आहे, म्हणजे वाघ शिवारात आला की गर्दी आवरायला जाणाऱ्या पथकात. तो भडकला. "सदतीस? कोनं लिवलं हे? त्यानं वाघ पायला काय?" मी सिंहाचं पान काढून दाखवलं. सिंहाला 26. तो जरा शांत झाला. मग त्यानं विचारलं, साध्या गावकऱ्याला किती? 4. त्यावर कोणी काही बोललं नाही.

मागच्या शनिवारी चांद्याच्या झरपट नदीच्या काठावर तोच वाघ त्यांच्यासमोर होता. अर्धी लढाई झाली आणि लाईन गेली. बॅटरी 11 टक्के होती, म्हणून मी शीट सेव्ह करून बंद केलं. आता रोवणी लागली आहे, बांधीत चिखल झाला की कोणाला रात्री जागायची ताकद नसते. महिनाभर खेळ बंद. शीटमध्ये बहिणीच्या पात्राचे 3 उरलेत, वाघाचे 6, आणि पुढची पाळी वाघाची आहे.