लेबलवर काय लिहायचं

रविवार, रात्र

मांडणी संपली एकदाची. उद्या उद्घाटन. पोटऱ्या दुखतायत आणि नखांत गंज अडकलाय, तोही माझा नाही, त्याचा.

माझी चित्रं आणि त्याची भंगारातल्या लोखंडाची शिल्पं, असं दोघांचं प्रदर्शन ठरवताना वाटणी फार सोपी वाटली होती. भिंती माझ्या, जमीन त्याची. पण चित्र बघणारा माणूस चार पावलं मागे सरकतो, आणि नेमकी तीच चार पावलं ह्याच्या शिल्पांनी अडवलेली. मी चित्राचा मध्य जमिनीपासून 150 सेंटिमीटरच्या आसपास धरते, म्हणजे तो उभ्या माणसाच्या नजरेला येतो. त्याच्या शिल्पांना असलं काही बंधन नाही. एक गुडघ्याएवढं, एक माझ्या डोक्यावरून जाणारं.

सकाळी मोठं निळं चित्र टांगलं आणि पुढ्यात त्याने पक्षी आणून ठेवला. फावड्याच्या पात्याची पाठ, पत्रा कापायच्या दोन कात्र्यांचे पाय, सायकलच्या चेनची मान. मी म्हटलं, "अरे, माझं चित्र नाटकातला पडदा झालंय."

"छान दिसतोय की पडदा."

त्यानंतर तासभर आम्ही फक्त खिळ्या-हातोड्यापुरतं बोललो.

राग जागेचा नव्हताच. त्या कात्रीच्या मुठीवर कुणाच्या तरी अंगठ्याने झिजून खळगा पडलाय. किती वर्षं लागली असतील! आणि माझा निळा गेल्या महिन्यात ट्यूबमधून बाहेर आला. ह्याला ते सगळं आयतं मिळतं असं मला कायम वाटत आलंय. आज बोलूनही टाकलं, "तुझं अर्धं काम गंजच करतो." तो तारेच्या ब्रशने सुटा गंज घासत बसला होता, वर मेणाचा हात द्यायचा म्हणून. मान वर न करता म्हणाला, "अर्धं कुठलं, जास्तच."

अशा माणसाशी भांडणार तरी कसं.

दुपारी लेबलं. माझं एका ओळीत झालं: कॅनव्हासवर ॲक्रिलिक. त्याने लिहिलं, 'सापडलेल्या वस्तू'. हे मला पटेना. हा भंगाराच्या ढिगात तासन् तास उकिडवा बसतो, शंभर तुकडे उचलतो, नव्याण्णव परत टाकतो. त्याला सापडलेलं म्हणायचं? मग वस्तूंची यादी द्यायची का? तर लोक 'ओळखा पाहू' खेळतात. हे फावडं, ही चेन, झालं, पुढे चला. पक्षी राहतो बाजूला.

पिकासोने 1942 मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. नंतर ते ब्राँझमध्ये ओतलं, म्हणजे कातडं आणि लोखंड एकाच धातूचं झालं, तरी सीट सीटच दिसतं आणि बैलही बैल. त्यात गंमतच ती आहे. उलट अमेरिकन शिल्पकार लुईझ नेव्हल्सनने 'स्काय कॅथीड्रल' ह्या शिल्पात टाकाऊ लाकडांचे तुकडे खोक्यांत रचून सगळ्यावर एकच काळा रंग फासला. आधी दिसतात त्या सावल्या. खुर्चीचा पाय होता की कठड्याचा, हे फार नंतर सुचतं. मी म्हटलं, तूही रंगव काळं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की विषय तिथेच मिटला. मला स्वतःला नेव्हल्सन जवळची वाटते, हे उघड आहे. रंगवाल्यांची बाजू.

संध्याकाळी दिवे लावणारा शिडीवरून उतरला. पक्ष्याभोवती एक फेरी मारली, कात्री ओळखली, चेन ओळखली. मी मनात म्हटलं, बघ, झाला खेळ सुरू. पण तो खाली उकिडवा बसला, कात्रीच्या खळग्यात स्वतःचा अंगठा ठेवून बघितला, आणि तिथूनच, पक्ष्याच्या पायांमधून, माझ्या चित्राकडे बघत राहिला. मग विचारलं, "ताई, ह्या निळ्याखाली लाल आहे का?"

आहे. जुनं फसलेलं चित्र होतं. कॅनव्हास फुकट घालवायचा नाही म्हणून त्यावरच रंगवलं. डाव्या कडेला बोटभर लाल राहिलाय तो मुद्दाम नाही, कंटाळ्याने. आजवर कुणी विचारलं नव्हतं, ह्यानेसुद्धा नाही.

मीही उकिडवी बसले. चेनच्या एका कडीतून तो लाल बरोबर दिसत होता. उभं राहिलं की गायब.

पक्षी आता जिथे होता तिथेच आहे. मी फक्त चित्र वीतभर खाली घेतलं, 150चा नियम मोडून. भिंतीला दोन जुनी भोकं उरली, त्यांत पुटी भरायचं काम त्याच्या गळ्यात टाकलं. लेबलवर त्याने शेवटी नुसतं 'लोखंड' लिहिलं. माझं तसंच आहे. 'कॅनव्हासवर जुनं चित्र, त्यावर ॲक्रिलिक' असं लिहावं का, हे मघापासून डोक्यात घोळतंय. उद्या दार उघडायच्या आधी अर्धा तास आहे.

पांढऱ्या पेडेस्टलवर गंजाची चिमूटभर पूड सांडलीय. मेण लावायचं कुठेतरी राहिलंय त्याचं.