गुडघ्याला बाशिंग, तेही तीन वर्षं आधी

मिरजेहून इकडे अमेरिकेत मामाचा फोन आला की पहिल्या दोन मिनिटांत पाऊसपाणी आटोपतं आणि तो मुद्द्यावर येतो. "मग, पुढचा कोण गं तुमच्याकडं?" मामाने अर्धं आयुष्य पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात घालवलंय, त्याला राष्ट्राध्यक्षाशिवाय दुसरं काही विचारायचं नसतं.

"मामा, निवडणूक नोव्हेंबर २०२८ ला आहे."

"ते ठाऊक आहे गं. वारं कुणीकडं?"

वारं सुटलेलंच आहे. २०२४ च्या मतदानाला जेमतेम सहा महिने झाले होते, ट्रम्प यांच्या शपथविधीला तर चारच, तेवढ्यात मे २०२५ मध्ये बायडेन यांचे वाहतूकमंत्री राहिलेले डेमोक्रॅट नेते पीट बुटिजेज आमच्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सला सभा घेऊन गेले. दाढी वाढवली होती, तर वर्तमानपत्रांना चर्चा करायला दाढीही मिळाली. आयोवात नेता आला की तो कशाला आला हे इथे कुणी विचारत नाही. तो मात्र सांगतो, जुन्या मित्रांना भेटायला आलोय. आत्मचरित्र नुकतंच छापून आलं असेल, तर मग खात्रीच समजायची. आपल्याकडे वाढदिवसाला 'भावी मुख्यमंत्री' म्हणून फ्लेक्स लागतात आणि साहेब म्हणतात, 'कार्यकर्त्यांचं प्रेम आहे, मी काय करू?' तसंच, फक्त फ्लेक्सऐवजी पुस्तक.

मी राहते डे मॉइनजवळ. मका, सोयाबीन आणि डुकरं. राज्याची वस्ती ३२ लाखांच्या आसपास, म्हणजे सांगली जिल्ह्याहून थोडी जास्त. राष्ट्राध्यक्षपदाचा पक्षाचा उमेदवार निवडायची सुरुवात देशात सगळ्यात आधी इथून व्हायची. एवढ्याशा राज्याला हा मान मिळाला तो जवळजवळ अपघाताने. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात ह्युबर्ट हम्फ्री यांना उमेदवारी दिली. त्यांनी एकही प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायला राज्याराज्यात होणारं मतदान, लढवली नव्हती. आत पुढाऱ्यांनी ठरवलं, बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि शेवटी हम्फ्री हरलेच. मग पक्षाने नियम बदलले, उमेदवार सामान्य मतदारांनी निवडायचा असं ठरलं. आयोवात ही निवड गावापासून राज्यापर्यंत पायरी पायरीने चढायची असल्यामुळे पहिली बैठक ओढून जानेवारी १९७२ मध्ये घ्यावी लागली. कॉकस म्हणतात ती हीच बैठक. चार वर्षांनी जिमी कार्टर नावाच्या, बाहेर फारसं कुणी न ओळखणाऱ्या माजी गव्हर्नरांनी इथे ठाण मांडलं. गंमत म्हणजे १९७६ च्या त्या कॉकसमध्ये पहिला नंबर 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यांचा होता, कार्टर दुसरे. पण डंका त्यांचाच वाजला आणि ते थेट व्हाइट हाउसमध्ये गेले. तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं, आपण जरा आणखी आधी निघालो तर?

केनेडींनी उमेदवारी जाहीर केली होती २ जानेवारी १९६० ला, निवडणुकीच्याच वर्षी. मेरीलँडचे खासदार जॉन डिलेनी २०२० च्या निवडणुकीसाठी जुलै २०१७ मध्येच उभे राहिले. आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या, म्हणजे इथले जिल्हे, त्यांनी पालथ्या घातल्या, आणि कॉकसच्या तीन दिवस आधी माघार घेतली. मामाला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. "अडीच वर्षं? डिझेलचा खर्च कुणी केला?" (मुख्यतः स्वतःच्याच खिशातून, मामा.)

ऑगस्टात इथे राज्याची जत्रा भरते. १९११ पासून तिथे लोण्याची गाय मांडतात, खरोखरीच्या गायीएवढी. २०१९ साली आम्ही गेलो तेव्हा डेमोक्रॅट इच्छुकच वीसच्या वर होते. एकेक जण एप्रन बांधून डुकराच्या मांसाचे तुकडे निखाऱ्यावर परतून जायचा, भोवती कॅमेरे. थोड्या अंतरावर एका टीव्ही वाहिनीचा स्टॉल, त्यात उमेदवारांच्या नावाच्या काचेच्या बरण्या. मक्याचा एक दाणा घ्यायचा आणि आवडत्या बरणीत टाकायचा. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने सगळ्यात रिकामी बरणी शोधून तीत दाणा टाकला. "त्याला कुणीच नाहीये," म्हणाली.

अशा वेळी घरी येतात ती चकचकीत पत्रकं. दिवसाला चार-पाच. भज्यांखाली घालावीत तर तेल टिपत नाहीत. भाजी निवडायला मात्र बरी.

आता डेमोक्रॅट पक्षाने आयोवाचा पहिला मान काढून घेतलाय, २०२४ ला त्यांनी साउथ कॅरोलायनाला पुढे आणलं. रिपब्लिकन अजून इथूनच सुरुवात करतात. जानेवारी २०२४ मध्ये उणे वीस सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत लोक कॉकसला गेले आणि ट्रम्प यांना ५१ टक्के मतं पडली. त्याच वर्षी बायडेन ऐन जुलैत बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांच्या वाट्याला १०७ दिवस आले. इथले जाणकार हळहळले, की एवढ्या कमी वेळात कुणी काय करणार! इकडे महाराष्ट्रात विधानसभेची घोषणा १५ ऑक्टोबरला, मतदान २० नोव्हेंबरला. त्यातही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत एबी फॉर्म कुणाच्या हातात पडणार ते खुद्द उमेदवारालाही कळत नाही. मामाचं मत असं की तेच बरं. जास्त वेळ दिला की माणसं विकली जातात. मला तितकी खात्री नाही. इथे दोन वर्षं उमेदवाराला शाळेच्या जिममध्ये, कॉफीच्या दुकानात गाठून खोचक प्रश्न विचारणारे म्हातारे मी पाहिलेत. पण त्या दोन वर्षांचा पैसा उभा करायला तो दुसरीकडे कुणाच्या दारात जातो, ते आम्हाला दिसत नाही.

शेजारचे आजोबा निवृत्त शेतकरी आहेत. निवडणूक संपली की ते गल्लीतल्या अंगणांमधल्या प्रचाराच्या पाट्या गोळा करतात, पुठ्ठा फेकतात आणि खालच्या लोखंडी तारा जपून ठेवतात, टोमॅटोसाठी. २०२० मध्ये त्यांनी मलाही सहा दिल्या. माझी कारली दर उन्हाळ्यात त्याच तारांवर चढतात, कुठली तार कुठल्या उमेदवाराची होती हे आता आठवतही नाही. यंदा वेल जोरात आलाय आणि तारा कमी पडतायत. आजोबा म्हणाले, "थांब की, सत्तावीसच्या उन्हाळ्यात हव्या तेवढ्या."