तुम्ही विचारलंत म्हणून: मुकुटाचे दोन मजले

"तुम्ही ख्रिस्ती नाही, जर्मन तर मुळीच नाही. मग बायबलातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांत इतकं काय आहे?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे विचारून झालंय. दर वेळी 'आवड' म्हणून सुटतो. आज तसं करत नाही.

मी लाकूड कोरतो. ठशातून एकदा काढलेलं लाकूड परत येत नाही, हे हातांना ठाऊक असतं. म्हणून पोपविरुद्ध उभा राहिलेल्या मार्टिन ल्यूथरने जर्मनमध्ये आणलेल्या नव्या कराराची (म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाची) सप्टेंबर १५२२ची आवृत्ती आणि त्याच डिसेंबरातली दुसरी शेजारीशेजारी पाहिली (छायाप्रतीच, उगाच मोठेपणा नको), तेव्हा जागचा हललो नाही. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली बाबेलची वेश्या सात डोक्यांच्या श्वापदावर बसलीय. सप्टेंबरात तिच्या डोक्यावर पोपचा तिहेरी मुकुट. डिसेंबरात वरचे दोन मजले गायब, तिथे कोरा कागद. मधल्या काळात सॅक्सनीच्या कॅथलिक ड्यूक गेऑर्गने पुस्तकावर बंदी घातली होती. ही चित्रं करणारा विटेनबर्गचा चित्रकार क्रानाख, त्याच्या कारखान्यात कुणीतरी त्याच ठशावर पटाशी चालवली.

यावर मी एकदा व्याख्यान दिलं. क्रानाखला धर्मसुधारणेचा शिलेदार करून टाकलं. निरक्षरांना या चित्रांनीच पोपविरुद्ध उभं केलं, वगैरे. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "एम्सरच्या १५२७च्या कॅथलिक नव्या करारात हीच चित्रं कशी?"

मला माहीतच नव्हतं. "नक्कल असणार," मी ठोकून दिलं.

"नक्कल नाही. ठसे क्रानाखकडूनच घेतलेत," असं म्हणून त्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. काय लिहिलं असेल, या विचाराने आजही कानशिलं तापतात.

बाई बरोबर होत्या. एम्सर हा ल्यूथरचा विरोधक; ल्यूथरला खोडून काढायला त्याच गेऑर्गच्या आश्रयाने निघालेलं त्याचं पुस्तक, आणि प्रकटीकरणाची बहुतेक चित्रं विटेनबर्गची! शिवाय ज्याला वाचता येत नाही तो एवढं जाडजूड पुस्तक विकत घेईल कशाला, हेही मला तेव्हा सुचलं नव्हतं.

तेव्हाचा मी लगेच दुसऱ्या टोकाला गेलो: म्हणजे क्रानाख नुसता धंदेवाईक. पण ल्यूथरच्या लग्नात तो साक्षीदार होता, आणि ल्यूथरच्या विरोधातल्या कार्डिनल आल्ब्रेख्टचीही कामं घेत होता. बसवा कुठे बसवायचा तो. मला तर त्या पटाशीवाल्याला हायसं वाटलं की पोटात कालवलं, एवढंच जाणून घ्यायचंय.

१५३४च्या संपूर्ण बायबलात तिहेरी मुकुट परत आला. नव्या ठशावर, अर्थात.