ताडोब्याआधी एक सकाळ नांदूर मध्यमेश्वरला

ताडोब्याच्या जिप्सीत 6 पर्यटक बसतात. त्यातला एकजण जरी सतत बोलणारा निघाला, तरी पूर्ण फेरी सगळ्यांचीच वाया जाते, मग वाघ दिसो न दिसो. म्हणून नाशिककरांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे: विदर्भातल्या सफारीचं बुकिंग करण्याआधी तोच ग्रुप एकदा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेऊन बघा. शहरापासून साधारण 40 किलोमीटर, खर्च पेट्रोल आणि जेवणापुरता, आणि कोण कसा बसतो, कोण कसा बघतो हे एका सकाळीत कळतं.

गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रज अमदानीत बंधारा झाला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, चिखल, गवताची बेटं असं पाणथळ तयार झालं. रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पण दिवस ठरवताना सुट्टी नंतर बघा, आधी पाणी बघा. या बंधाऱ्यातून कालवे निघतात. आवर्तनासाठी, म्हणजे शेतीला पाळीने पाणी द्यायला, वरच्या धरणांतून पाणी सोडलं की इथली पातळी चढते आणि चिखल बुडतो. शेकाट्या या पाणपक्ष्याचे पाय लांब, तो निभावून नेतो. तुतवारासारख्या छोट्या पक्ष्यांना मात्र ओला चिखल आणि जेमतेम बोटभर पाणी लागतं, ते उठून दुसरीकडे जातात. 'पक्षीच नव्हते' म्हणणारे बरेचदा अशाच आठवड्यात गेलेले असतात. दोन दिवस आधी तिथल्या गाइडला फोन करून एवढंच विचारा: 'दादा, पाणी चढलंय का?'

जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटे 5 ला नाशिक सोडा, म्हणजे साडेसहापर्यंत पक्षी बघायच्या मनोऱ्याजवळ पोचता. निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री शेकोट्या पेटवतात, तो हा पट्टा. कपड्यांचे तीन थर, कानटोपी, हातमोजे, आणि सगळं मातकट किंवा हिरवट रंगाचं. पांढरं जॅकेट नको, लांबून उठून दिसतं. काही दिवशी धुकं साडेआठपर्यंत हटत नाही. अशा वेळी कंटाळून गाडीत जाऊन बसणारे हमखास चुकतात, कारण धुकं विरताना पक्षी अगदी काठाशी असू शकतात. थर्मासमधला चहा त्यासाठीच न्यायचा.

एक गोष्ट निक्षून सांगतो. लघवीची सोय मोठ्या रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात उरकून घ्या, अंधारात उसाच्या कडेला कुणालाही जाऊ देऊ नका. निफाड तालुक्यात उसात बिबट्याचा वावर आहे, आणि खाली बसलेलं माणूस त्याला लहान प्राण्यासारखं दिसतं.

ग्रुप 8 जणांचा, त्याहून मोठा नको. चार-चार जणांनी आळीपाळीने मनोऱ्यावर चढायचं. दोघांत एक दुर्बीण पुरते. 8×42 ची, म्हणजे 8 पट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटरच्या भिंगांची घ्या. 10 पटीची नवख्या हातात थरथरते आणि डोळे शिणतात. ट्रायपॉडवर एक स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकडोळी दुर्बीण) असला तर उत्तम, पण एकाने जरी पाय बदलला तरी 40 पटीला चित्र हलतं. स्कोपला डोळा लावलेला असताना बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही, ही शिस्त पहिल्याच दिवशी लावा.

आता मुख्य काम. मोबाइल एका कापडी पिशवीत गोळा करा आणि 20 मिनिटं काठापासून मागे, झाडाच्या सावलीत गप्प बसा. पहिली काही मिनिटं चुळबुळीत जातात. त्यानंतर आपल्या येण्याने लांब सरकलेली बदकं हळूहळू परत येऊ लागतात. प्रत्येकाने एकच पक्षी धरायचा आणि वहीत वेळ, संख्या, तो काय करतोय एवढंच लिहायचं. नावं नंतर. थापट्या बदक घ्या: चमच्यासारखी चपटी चोच पाण्याला टेकवून ते गोल फिरत राहतं, चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, त्यातून पाणी बाहेर जातं आणि बारीक जीव आत राहतात. कधी पाच-सहा थापटे एकामागे एक गोल धरतात, पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. हे जाता जाता दिसत नाही, त्याला बैठकच लागते. वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा थवा अचानक एकमेकांना चिकटला तर वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो. आणि सगळ्या माना एकदम उंच होऊन पक्षी आपल्यापासून दूर पोहायला लागले तर आपण फार जवळ गेलोय, मागे सरा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही आणि ड्रोन तर गाडीतही नको.

गाइड गावातलाच घ्या. पाणथळात कालपासून काय बदललं हे त्यालाच माहीत असतं, आणि आपल्याला पाहुणे वाटणारे पक्षी तिथल्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात उतरतात हेही तोच सांगेल. मासेमारी करणाऱ्यांशी, शेतात काम करणाऱ्या बायकांशी बोला, फोटो विचारूनच काढा. बांधावरून चालताना एका रांगेत चला. आठ जण पसरून चालले की कडेचा हरभरा तुडवला जातो.

जेवण गावातल्या एखाद्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवा: पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा. ओट्यावर बसून वह्या मोठ्याने वाचायच्या त्या याच वेळी. माणसं कमी आली तरी सांगितलेल्या पानांचे पूर्ण पैसे द्या. दळण त्या ताईंनी तुमच्या आकड्यावर करून आणलेलं असतं.