मुलाला नेऊ नका, तुम्हीच घरी या

पोरगं हाताबाहेर गेलं की त्याला कुठेतरी ठेवायचं, हे उत्तर माझ्या इतकं अंगवळणी पडलं होतं की दुसरं काही असू शकतं हे कधी मनातही आलं नाही. मामाकडे पाठवा, गावी काकांच्या धाकात ठेवा, पैसे असतील तर निवासी शाळा, सैनिकी शाळा. प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच तर रिमांड होम. इथे अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला समोरच्या घरात सध्या जे बघतेय, त्याने मी हलले आहे. तिथल्या आजींना विचारूनच लिहितेय.

आजी आपल्या पंधरा वर्षांच्या नातवाला एकट्या सांभाळतात. आईचं व्यसन, बापाचा पत्ता नाही. शाळेतून दोनदा काढलेला, रात्री-बेरात्री बाहेर, एकदा रागाच्या भरात आजींच्याच गाडीची काच फोडलेली. आता त्याला नेणार, असं सगळ्या गल्लीने धरलं होतं. त्याला कुणी नेलं नाही. उलट आठवड्यातून तीनदा संध्याकाळी एक तरुण समुपदेशक त्यांच्याच घरी यायला लागली.

भांडं परत द्यायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात बसले होते. फ्रिजवर हाताने लिहिलेला कागद. तो चिडला तर आजींनी कुठल्या खोलीत जायचं, काय बोलायचं नाही, किती वेळ थांबायचं, आणि मग कुणाला फोन करायचा. ओट्यावर आकड्यांच्या कुलपाची लोखंडी पेटी. तिच्यात घरातली सगळी औषधं, कात्री, सुऱ्या. आजींनी आकडे फिरवून सुरी काढली, टोमॅटो चिरले, सुरी धुऊन पुसून परत पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. बोलणं एकदाही थांबलं नाही, इतकी ती सवय झालेली. ही पेटी त्या समुपदेशक मुलीनेच पहिल्या आठवड्यात आणून दिली होती. मागे एकदा रात्री अकराला पोरगं दार आपटून निघून गेलं. आजींनी फोन केला, तो लगेच उचलला गेला, आणि थोड्या वेळात माणूस दारात हजर. सकाळी ऑफिस उघडल्यावर बघू, असं कुणी म्हटलं नाही.

मला सगळ्यात भिडलं ते आजींचं एक वाक्य: "त्या पोरीने माझं काय चुकलं हे मला अजून एकदाही विचारलेलं नाही."

ही मुलगी ज्या संस्थेतून येते तिचं नाव यूथ व्हिलेजेस. मेम्फिसचीच. 1986 मध्ये डॉगवुड व्हिलेज आणि मेम्फिस बॉइज टाउन या दोन संस्था एकत्र येऊन ती झाली, आणि पॅट्रिक लॉलर यांनी ती पुढे नेली. लॉलर आधी इथल्या बालन्यायालयात काम केलेले. दोन्ही मूळ संस्था निवासी होत्या, म्हणजे मुलांना आणून ठेवायचं, सुधारायचं, परत पाठवायचं. पोरं आवारात छान वागायची, घरी गेली की काही महिन्यांत पुन्हा जुन्या वाटेला लागायची. कारण घर तेच, शेजार तोच, शाळाही तीच. पोराला दुरुस्त करून त्याच जागी नेऊन ठेवण्यात काय अर्थ?

मग त्यांनी 1994 पासून घरात जाऊन उपचार सुरू केले. साउथ कॅरोलिनात स्कॉट हेंगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली मल्टिसिस्टेमिक थेरपी त्यांनी आधाराला घेतली. मुलाला एकटं न धरता घर, शाळा, मित्र, वस्ती सगळ्यांसोबत काम करायचं, ही तिची पद्धत. पुढे त्यातून त्यांचा स्वतःचा 'इंटरसेप्ट' कार्यक्रम उभा राहिला. एका समुपदेशकाकडे एका वेळी चार-पाच कुटुंबं, बस्स. साधारण चार ते सहा महिने. दिवस-रात्र फोन चालू.

या चार-पाच आकड्यावर मी किती वेळ विचार करतेय! सगळी जादू तिथेच आहे. चाळीस घरं डोक्यावर असतील तर सुऱ्यांच्या पेटीचं कुणाला सुचेल? रात्री अकराला गाडी कोण काढेल? चारच घरं असतात म्हणून आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे आणि पोराला गणिताच्या बाई का आवडत नाहीत, हे त्या मुलीला पाठ असतं. आपल्याकडे माणसं प्रेमळ नाहीत असं मुळीच नाही. प्रेम करायला आठवड्यात तास किती उरतात, हा प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. निवासी संस्थेला भरलेल्या खाटेमागे रोजचा दर मिळतो, मूल लवकर घरी गेलं तर तिचंच नुकसान. टेनेसीने कालांतराने मुलामागे पैसे देऊन ते कसे खर्च करायचे याची मोकळीक संस्थांना दिली, आणि यूथ व्हिलेजेस वाढली ती तिथून. ज्या संस्थेच्या हातात इमारती होत्या तिनेच इमारतींबाहेर जायचं ठरवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. 2004 पासून एडना मॅकॉनेल क्लार्क फाउंडेशनसारख्या मोठ्या देणगीदारांनी विस्ताराला बळ दिलं. आज वीसहून अधिक राज्यांत त्यांचं काम चालतं. निवासी केंद्रं अजूनही आहेत, ज्यांना खरंच दुसरा इलाज नाही अशा मुलांसाठी.

अठरा झाल्यावर सरकारी छत्राबाहेर पडणाऱ्या मुलांसाठी 1999 मध्ये त्यांनी वेगळा कार्यक्रम काढला, आज त्याला 'लाइफसेट' म्हणतात. त्याचं मूल्यमापन एमडीआरसी या संशोधन संस्थेने चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीने केलं, 1,300 हून अधिक तरुणांवर. 2015 मध्ये निष्कर्ष आले: कार्यक्रम न मिळालेल्या गटापेक्षा वर्षभरातली कमाई 17 टक्क्यांनी जास्त, राहण्याची जागा अधिक स्थिर. शिक्षणात मात्र फरक नाही, गुन्ह्यांतही नाही. जिथे यश नाही तेही छापून येऊ देणारी संस्था मला विश्वासाची वाटते.

इथल्या आपल्या मंडळींत हा विषय काढला तर ठरलेलं उत्तर येतं. यांच्याकडे कुटुंबच उरलेलं नाही, म्हणून सरकारला घरात शिरावं लागतं. मला याचा राग येतो आणि निम्मं पटतंही. साताऱ्याला माझ्या आजोळी नऊ माणसं एका पंगतीला बसायची, एखादं पोर वाकड्यात शिरलं तर त्याला वाट दाखवायला मोठी मामी पुरे व्हायची. ही आपली कमाई आहे आणि ती मी कुणाला कमी लेखू देणार नाही. पण त्याच मामीला मदत हवी असती तर ती कुणाकडे गेली असती? गावभर बोभाटा होईल या भीतीनेच आपण किती घरांत दारं लावून रडलो आहोत.

माझ्या मावसभावाच्या मुलाचं असंच झालं होतं. घरात मारामारीपर्यंत गेलं तेव्हा त्याला निवासी शाळेत घातलं, फी मी इथून पाठवली. तेव्हा तेच योग्य होतं असं मी आजही म्हणेन. वहिनी रात्र-रात्र झोपत नव्हती, मी सात समुद्र पलीकडे, आणि दारात येणारं दुसरं कुणीच नव्हतं. ज्याला दुसरा रस्ता दिसलाच नाही त्याला कुठला दोष लावायचा?

आणि हे राज्य काही आदर्श नाही. बालकल्याण खात्याविरुद्ध 2000 मध्ये मुलांच्या वतीने मोठा दावा दाखल झाला होता, पुढे अनेक वर्षं न्यायालयाची देखरेख होती. ती उठल्यावरही 2022 मध्ये ताब्यातली मुलं सरकारी कचेऱ्यांत झोपत असल्याच्या बातम्या इथे गाजल्या. आपल्या लोकांनी इथलं सगळं डोक्यावर घेऊन नाचावं असं नाहीच.

शिवाय कागदावर आपण मागे नाही. 2015 च्या बालन्याय कायद्यात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, असं तत्त्वच आहे. अठरानंतरच्या अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराची, तरतूद आहे. महाराष्ट्राची बालसंगोपन योजना तर मूल नातेवाइकांकडे, कुटुंबात वाढावं म्हणूनच दरमहा पैसे देते. टाटा समाजविज्ञान संस्थेचे लोक निरीक्षणगृहांत जाऊन वर्षानुवर्षं काम करत आहेत. पण पैसे पोचल्यावर त्या घरात संध्याकाळी सहाला बसायला, पोराच्या शाळेत आजीसोबत जायला, सुऱ्यांची पेटी आणून द्यायला माणूस कोण आहे?

वाचणाऱ्यांपैकी कुणी जिल्हा बाल संरक्षण कक्षात असेल, परिविक्षा अधिकारी असेल, बालकल्याण समितीवर असेल, तर मला लिहा. तुमच्याकडे सध्या किती मुलं आहेत, त्यातल्या किती घरांत महिन्यातून एकदा तरी जाणं होतं, आणि फक्त पाच घरं हातात दिली तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल? इथे आम्ही काही जण एका जिल्ह्यात अशा एका समुपदेशकाच्या पगाराचा खर्च वर्षभर उचलायचा विचार करतोय. कुठून सुरुवात करायची ते तुमच्याकडूनच कळेल.