तुम्ही विचारलंत म्हणून: ती शीट मी का पाठवत नाही

"ताई, तुमची ती एक्सेल शीट पाठवाल का?"

मार्च उजाडला की हा प्रश्न सुरू होतो. कुणाचे आई-बाबा मेमध्ये भारतातून इकडे अमेरिकेत यायचे असतात, कुणाचे सासू-सासरे. तीन आठवड्यांची रजा जमवलेली असते, मोठी गाडी ठरलेली असते आणि मंडळात कुणीतरी सांगितलेलं असतं की कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या त्या बाईंकडे नॅशनल पार्कचा सगळा तयार प्लॅन आहे. मी नाही म्हणते. मग चार दिवसांनी कानावर येतं, जरा शिष्टच आहे ती.

शिष्टपणा नाही त्यात. इतकी वर्षं मी "जुनी झाली हो आता ती" म्हणून वेळ मारून नेली, ते मात्र खोटं होतं. एकदा खरं काय ते सांगून टाकते.

आमची सहल जून २०१९ची. १९ दिवस, ३,००० मैलांच्या वर. लॉस एंजेलिस, लास वेगास, ग्रँड कॅन्यन, ॲरिझोनातलं पेज गाव, झायन, ब्राइस, सॉल्ट लेक सिटी, ग्रँड टीटन, यलोस्टोन आणि परत घर. आई, बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं. शीट मी सात महिने करत होते आणि ती चांगलीच होती, हे आधी नोंदवते. आयत्या वेळी "बघू तिकडे गेल्यावर" म्हणणाऱ्यांना यलोस्टोनच्या आत राहायला मिळत नाही. तिथली लॉज वर्षभर आधी भरायला लागतात. बाहेर राहिलात तर रोज तास-दीड तास जाताना आणि तेवढाच येताना. यलोस्टोन सुमारे ९,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याहून थोडंच लहान, आणि त्यात मधेच गवे रस्ता अडवून उभे राहतात. तिथे नकाशातल्या वेळा चालत नाहीत. हे सगळं मी शीटमध्ये धरलं होतं. ब्राइसची उंची ८,००० फुटांच्या वर, आईला धाप लागेल म्हणून तिथे पहिल्या दिवशी फक्त कडेकडेने फिरणं. संध्याकाळी हरणं रस्त्यावर येतात म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम. भाजणी कुठल्या डब्यात आणि मेतकूट कुठल्या, तेसुद्धा.

तेव्हा प्लॅनिंग करू नका असं मी कुणालाही सांगत नाही. मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

माझे बाबा वाई तालुक्यातल्या एका शाळेत ३३ वर्षं भूगोल शिकवत होते. नववीत मी त्यांच्याच वर्गात होते. नदीचं कार्य हा धडा आला की ते फळ्यावर निळ्या खडूने कोलोरॅडो नदी काढत, मग दोन्ही बाजूंना तपकिरी खडूने कडे, आणि कड्यांवर आडव्या रेघा. शेजारी मोठ्या अक्षरात एकच शब्द, घळई. तो ळ ते असा गोल आणि खोल काढायचे की शब्दातच दरी दिसायची. त्यांनी स्वतः पाहिलेल्या घळया म्हणजे आपल्या घाटातल्या. पण ग्रँड कॅन्यनची लांबी, रुंदी, खोली त्यांना तोंडपाठ होती: ४४६ किलोमीटर लांब, जास्तीत जास्त २९ किलोमीटर रुंद, दीड किलोमीटरहून खोल.

हे मला माहीत होतं. तरी शीट करताना मी त्यांना फोनवर विचारलं, "बाबा, तुम्हाला काय काय बघायचंय?" ते म्हणाले, "तू दाखवशील ते."

आपल्याकडचे बहुतेक आई-वडील हेच म्हणतात. मुलीच्या घरी, तिच्या पैशाने, तिच्या रजेत फिरायचं, तर आणखी काय म्हणतील? मी त्याचा अर्थ, चला, एक काम कमी झालं, असा घेतला. मुलांना अस्वलं बघायची होती म्हणून यलोस्टोनला चार रात्री. ग्रँड कॅन्यनला एक. कारण जो तो सांगत होता, "अगं, दोन तासांत बघून होतं. कुठूनही बघा, सारखंच दिसतं."

त्या सकाळचं आता सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही सगळं नाही.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून पूर्वेकडे निघालो होतो. दुपारी दोनला पेजमध्ये अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळईची टूर होती. ती जागा नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आमची सहा तिकिटं काढलेली, पैसे परत न मिळणारी. दीडला हजर व्हायचं, म्हणून शीटमध्ये लिहिलं होतं: लिपान पॉइंट, ११.००ला निघणे.

लिपान पॉइंट म्हणजे कड्यावरून दरी बघायची एक जागा. तिथे बाबा गाडीतून उतरले आणि कठड्यापाशी जाऊन नुसते उभे राहिले. तिथून खाली नदी दिसते. बाकीच्या बऱ्याच ठिकाणांहून ती दिसतच नाही, इतकी आत आहे. मग ते एका दगडावर बसले, पिशवीतून शंभर पानी वही काढली आणि पेन्सिलीने वर लिहिलं, "क्षेत्रभेट. लिपान पॉइंट. वेळ ९.४०." शाळेत मुलांना घेऊन कृष्णेकाठी जायचे तेव्हाही असंच लिहायला लावायचे. मी पाण्याच्या बाटल्या भरत होते, मुलांना टोप्या घालत होते. थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली.

"इकडे ये जरा. वरचे थर बघ, कसे आडवे आहेत, वह्या रचल्यासारखे. आणि त्यांच्या खालचे बघ, कलंडलेत. दिसले? आडव्यांच्या आणि तिरक्यांच्या मधली पानंच फाटलीयेत. कोट्यवधी वर्षांची."

मी "हो बाबा" म्हटलं.

"आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांचा. आत्ता आपण उभे आहोत तो इथला सगळ्यात वरचा, सगळ्यात तरुण थर. तो सत्तावीस कोटींचा. चौपट! आणि तळाच्या खडकाला नाव काय दिलंय माहितेय? विष्णू."

खरंच दिलंय. त्या दरीतल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने दिली. ते मी नंतर वाचलं. तेव्हा मी फोन बघत होते. फोनमध्ये ११.१० झाले होते. मला वाटलं, आधीच्या पॉइंटला मुलांनी वेळ काढला.

"बाबा, चला. उशीर झालाय."

त्यांनी मनगट वळवून घड्याळ बघितलं. किल्लीचं एचएमटी, रोज सकाळी आंघोळीनंतर किल्ली देतात. म्हणाले, "अगं, दहा दहा झालेत."

"तुमचं घड्याळ मागे आहे."

"मागे कसं असेल? सकाळी हॉटेलातल्या पोराला विचारून लावलंय."

"बाबा, फोनची वेळ चुकत नाही."

आई गाडीतून म्हणाली, "बसू दे की गं दहा मिनिटं." गाडीतलं घड्याळही दहा दहाच दाखवत होतं. ते कॅलिफोर्नियाचं असेल, असं म्हणून मी तेही सोडून दिलं. मी आवाज चढवला नाही. पण "सहा तिकिटं आहेत बाबा" असं ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आजही ऐकू येतो. ३३ वर्षं रेखावृत्तं आणि प्रमाणवेळ शिकवलेल्या माणसाला मी वेळ सांगत होते. त्यांनी वही मिटली, पेन्सिल खिशाला लावली आणि उठले. एक शब्द बोलले नाहीत.

पेजला पोचलो तेव्हा काउंटरमागच्या घड्याळात साडेबाराही वाजले नव्हते. फोन बघितला, तोही एक तास मागे आला होता.

अमेरिकेत बहुतेक राज्यं उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. ॲरिझोना राज्य १९६८पासून करत नाही. पण त्याच राज्यातला नावाहो नेशनचा, म्हणजे नावाहो लोकांच्या स्वतःच्या प्रदेशाचा, भाग करतो, कारण त्यांची जमीन न्यू मेक्सिको आणि युटामध्येही पसरलेली आहे आणि तिथे करतात. त्या जमिनीच्या पोटात होपी लोकांची जमीन, ते पुन्हा करत नाहीत. पेज राज्याच्या वेळेवर. लिपान पॉइंटपासून नावाहो हद्द जवळच, माझ्या फोनने तिकडचा टॉवर पकडला होता. सात महिने शीट करून हे मला माहीत नव्हतं.

तासभर आम्ही पार्किंगमध्ये बसलो. सावली नाही, खाली तापलेलं डांबर, मुलं भांडत होती. बाबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं आणि बाहीत झाकून टाकलं. मला दिसू नये म्हणून. "बघ, मी सांगत होतो" असं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता तेव्हाची मी माझ्याशी भांडते ती अशी. समजा फोन बरोबर असता, तरी अकराला तू त्यांना उठवलंच असतंस. म्हणजे पन्नास मिनिटांचा प्रश्न. पन्नास मिनिटांसाठी इतकं? बाकी १८ दिवस सगळं सुरळीत झालं, मुलांना अस्वल दिसलं, आईने गरम पाण्याचे फवारे बघून हात जोडले. आणि अँटिलोप कॅन्यन बाबांना आवडलंच ना? आवडलं. वाळूच्या खडकाला हात लावून ते वाटाड्याला प्रश्न विचारत होते. ऑगस्ट १९९७मध्ये दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे घुसला आणि ११ माणसं वाहून गेली, ते त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. वाईला कुणी अमेरिकेचं विचारलं तर बाबा आधी तेच सांगतात. लिपान पॉइंटचं नाव काढत नाहीत.

यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं मी उगाच उगाळतेय. मग ती वही आठवते. परत निघताना बॅग भरताना मी उघडून बघितली होती. आडवे थर नीट छायांकित केलेले, प्रत्येकाला नाव. खालच्या तिरक्या थरांच्या दोनच रेघा, पुढे पान कोरं. वर "वेळ ९.४० ते", आणि पुढे काही नाही. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, लांबच्या विमानप्रवासाला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

म्हणून ती शीट मी देत नाही. ती सहल माझ्या माणसांची होती आणि माझ्याच माणसांना ती नीट बसली नाही. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तीनच आठवडे आहेत, आई-बाबा पुन्हा येतील न येतील, शक्य तेवढं दाखवून घेऊ. मीही हेच म्हणत होते, आणि ते चूक होतं असं आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण मागच्या वर्षी एकीने विचारलं, सकाळी दक्षिण कडा, दुपारी उत्तर कडा, होईल ना? समोरासमोर १६ किलोमीटर, पण गाडीने साडेतीनशे. साडेचार तास. शिवाय उत्तर कडा मेच्या मध्यापर्यंत बंदच असतो. असे प्लॅन बघितले की मला त्या गाडीतल्या मागच्या सीटवरची माणसं दिसतात.

तुम्हाला मदत करायची नाही असं अजिबात नाही. रविवारी या, आई-बाबांना घेऊन या. मी नकाशा पसरते, चहा टाकते, खोल्या कुठे कधी घ्यायच्या, कुठे घड्याळ बदलतं, सगळं सांगते. फक्त पहिला प्रश्न मी तुम्हाला विचारणार नाही, त्यांना विचारणार. आणि ते "ही दाखवेल ते" म्हणाले, तर मी पुन्हा विचारणार.